बोट फुटली, हप्ते चालूच: आता कुठल्या दारात जायचं?

पत्र:

“नमस्कार. आम्ही दापोली तालुक्यातले, हर्णै बंदरावर आमचा धंदा. मी मासळी विकते, हे बोटीवर जातात. गणपती गेल्यावर एका रात्री वारा फिरला म्हणून हे आणि दोन खलाशी बोट आंजर्ल्याच्या खाडीत आसऱ्याला आणत होते. खाडीच्या तोंडाशी बोट गाळात रुतली आणि लाटांनी फुटली. मागून आलेल्या बोटीने तिघांना उचललं. इंजिन नंतर ओढून काढलं, पण खारं पाणी जाऊन ते गेल्यातच जमा आहे. जाळी सगळी गेली. बोट फायबरची, दोन सिलिंडरची, सासऱ्यांच्या नावावर. ते वारले, नाव बदलायचं राहूनच गेलं. दीर मुंबईला असतात, नणंद गुहागरला दिली आहे. इंजिनासाठी सासरे आणि हे दोघांच्या सहीने बँकेचं कर्ज काढलं होतं, त्याचे हप्ते चालू आहेत. तलाठी पंचनामा करून गेले. आता ओळखीतला एक माणूस म्हणतो की प्रधानमंत्री योजनेत बाईच्या नावावर साठ टक्के मिळतात, दहा हजार द्या, सगळं मी बघतो. बुडलेल्या बोटीचा नंबरही तो विकत मागतोय. हे म्हणतात, सही करून टाक. मासेमारीला शेतीचा दर्जा मिळाला म्हणे, मग शेतकऱ्यासारखी भरपाई आम्हाला का नाही? सरकार खरंच नवी बोट देतं का?”

ताई,

सही करू नका आणि दहा हजारही देऊ नका. तिघं सुखरूप घरी आले, हे मोठं काम झालं. आता घाई आहे ती फक्त पंचनाम्याची. तिच्याकडे येते, पण आधी त्या नंबराचं बघू, कारण तिथे तुम्ही अडकाल.

बुडलेल्या बोटीचा नंबर मागणारा माणूस तुमच्यावर उपकार करत नाहीये. नवा परवाना सहजी मिळत नाही, म्हणून जुन्या नंबराला बाजारात भाव येतो. उद्या तो नंबर कुठल्यातरी बिनकागदाच्या बोटीवर रंगवला जाईल, त्यावर डिझेल उचललं जाईल, डिझेलवरच्या कराच्या परताव्याची बिलं लागतील, आणि हे सगळं तुमच्या वारलेल्या सासऱ्यांच्या नावाने. २००८ च्या नोव्हेंबरात पोरबंदरची ‘कुबेर’ ही मच्छीमार बोट पळवून दहशतवादी मुंबईपर्यंत आले. तेव्हापासून बोटीचा नंबर ही नुसती मत्स्यखात्याची बाब राहिलेली नाही. मच्छीमारांची बायोमेट्रिक ओळखपत्रं, बंदरावरची तपासणी हे सगळं त्यानंतरचं. तुमच्या नंबराच्या बोटीवर भलतंसलतं सापडलं तर सागरी पोलीस त्या माणसाला शोधत बसणार नाहीत, तुमच्या ओटीवर येतील. तेव्हा बरोबर उलटं करा. बोट नष्ट झाल्याचं पत्र मत्स्यव्यवसाय कार्यालयाला द्या, त्यावर शिक्का मारून पोच घ्या. ही खबर देणं मालकाच्या बाजूवर बंधनकारकच आहे. शिवाय पुढे “जुन्या बोटीच्या जागी नवी” असा अर्ज करायचा, तर जुनी बोट कागदावरही बुडलेली हवी ना.

आता तुमचा मोठा प्रश्न. सरकार नवी बोट देतं का? देत नाही. नव्या बोटीच्या खर्चातला काही वाटा देतं, तोही नंतर, आणि कागदावर ज्याचं नाव असेल त्याला. टीव्हीवर वेगळं दिसतं हे खरं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत माझगाव डॉकला सहकारी संस्थांना खोल समुद्रातल्या मोठ्या बोटींचं वाटप झालं, मंत्री आले, फोटो आले. त्या बोटी एकेक १ कोटी २० लाखांच्या, संस्थेच्या नावावरच्या, आणि त्यांच्यामागे राष्ट्रीय सहकार विकास निगमासारख्या संस्थेचा पैसा उभा आहे. वैयक्तिक दोन सिलिंडरच्या बोटीशी त्याचा संबंध नाही. उद्या हाच ओळखीतला माणूस “चार घरं मिळून गट करा, मोठी बोट घेऊ” असं म्हणत आला, तर साठ टक्के अनुदान धरूनही उरलेले ४८ लाख कोण भरणार, एवढंच त्याला विचारा.

तुमच्यासारख्या घराला उपयोगी पडतील अशी तीन दारं आहेत: महसूल खात्याची आपत्तीची मदत, मत्स्यखात्याची अनुदान योजना, आणि विमा. तिन्हींची कार्यालयं वेगळी, नियम वेगळे. एका टेबलावर दिलेला कागद दुसऱ्या टेबलावर आपोआप जात नाही. “पंचनामा झालाय, आता येतील पैसे” असं म्हणून आपली माणसं वाट बघत बसतात ती इथेच फसतात.

पंचनामा झाला म्हणता, पण त्याची प्रत तुमच्या हातात आहे का? पत्रात तसं दिसत नाही. उद्याच जाऊन मागा आणि घरी आणून शांतपणे वाचा. बोटीचा पूर्ण नोंदणी क्रमांक त्यात बरोबर उतरलाय का बघा. त्या लांबलचक क्रमांकातला एक आकडा चुकला तरी पुढे फाइल अडते. जाळी वेगळी नोंदवली आहेत का बघा, कारण जाळ्यांची मदत बोटीपासून वेगळी असते. आणि नुकसान “अंशतः” लिहिलंय की “पूर्णतः”? तुमच्या बाबतीत हा खरा धोका आहे. इंजिन ओढून काढलंत ना, ते अंगणात पडलेलं बघून कुणीही “इंजिन शाबूत, अंशतः नुकसान” असं लिहून मोकळा होऊ शकतो. इंजिन उघडून मेकॅनिककडून लेखी घ्या की ते दुरुस्तीपलीकडे आहे किंवा दुरुस्तीला इतका खर्च आहे. फुटलेल्या सांगाड्याचे, नंबर दिसेल असे फोटो असतील तर जोडा. नंबर रंगवलेला एखादा तुकडा किनाऱ्याला लागला असेल तर तो जाळून टाकू नका, पडवीत ठेवा.

त्यातलं कारणही वाचा. आपत्तीच्या मदतीला कारणांची ठरलेली यादी आहे. केंद्राच्या यादीत चक्रीवादळ, पूर, ढगफुटी वगैरे आहेत. महाराष्ट्राने स्वतःच्या अधिकारात अवेळी पाऊस, अतिवृष्टी, वीज कोसळणे, समुद्राचे उधाण आणि आकस्मिक आग ही कारणं जोडली आहेत. नुसतं “जोराच्या वाऱ्याने बोट फुटली” असं लिहिलं असेल तर फाइल कुठल्याच खणात बसत नाही. त्या रात्री तुमच्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस पडला असेल तर ती अतिवृष्टी. तो आकडा तहसील कार्यालयात मिळतो. उधाण होतं का, हवामान खात्याने मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका असा इशारा दिला होता का, तेही काढा. इशारा असेल तर एक प्रश्न येईल: इशारा असताना बोट बाहेर का होती? त्याचं उत्तर तुमच्याकडे आहे. बोट मासेमारीला चालली नव्हती, आसऱ्याला येत होती. हर्णै उघडं बंदर आहे, वारा फिरला की जवळचा आसरा म्हणजे आंजर्ल्याची खाडी आणि त्या खाडीच्या तोंडाचा गाळ अख्ख्या पंचक्रोशीला माहीत आहे. ज्या बोटीने यांना उचललं, तिच्या तांडेलाचा, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाचा जबाब हे सगळं एका कागदावर आणेल. तो तुमच्याकडे मागितलाच जाईल असं नाही. तुम्ही स्वतःहून सागरी पोलीस ठाण्यात त्याची नोंद करून घ्या. खोटं काही लिहा असं मी सांगत नाही. जे झालं ते त्यांच्या रकान्यात बसेल असं लिहून घ्या. दुरुस्ती हवी असेल तर तहसीलदारांच्या नावे अर्ज करून फेरपंचनामा मागा आणि त्या वेळी मत्स्यखात्याचा परवाना अधिकारी हजर असावा असं लिहा. तलाठ्याला जमिनीचं सगळं कळतं, बोटीचं कळेलच असं नाही.

आणि एवढं करून किती मिळतं? केंद्राच्या आपत्ती निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांप्रमाणे पूर्ण गेलेल्या बोटीला १५,००० रुपये आणि पूर्ण गेलेल्या जाळ्याला ४,०००. अंशतः असेल तर बोटीला ६,०००, जाळ्याला ३,०००. मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर राज्याने खास निर्णय करून पूर्ण गेलेल्या बोटीला २५,००० आणि अंशतः नुकसानीला १०,००० दिले होते, पण तो त्या वादळापुरता निर्णय होता. आता गंमत बघा. दुसऱ्या एका योजनेत हेच सरकार पारंपरिक मच्छीमाराच्या बोट-जाळ्यांची किंमत ५ लाख धरतं. म्हणजे आपत्तीत बोट गेली की तिच्या तीन टक्के हातावर. मला याचा राग येतो आणि तो लपवण्यात अर्थ नाही. तरी हे पंधरा हजार सोडू नका. ते मंजूर झाले म्हणजे बोट आपत्तीत पूर्ण गेली हे सरकारने लेखी मान्य केलं, आणि तो कागद बँकेत, विम्यात, मत्स्यखात्यात सगळीकडे चालतो. त्या निकषांत एक अट अशी आहे की त्याच आपत्तीसाठी दुसऱ्या सरकारी योजनेतून मदत घेतली असेल तर ही मिळत नाही. म्हणून क्रम चुकवू नका: आपत्तीची मदत आधी, नव्या बोटीचा अर्ज त्यानंतर.

आता नावाचं दुखणं. तुमच्या पत्रातला सगळ्यात अवघड भाग मला हाच वाटतो, आणि तुम्ही तो एका ओळीत उरकलात. बोट वारलेल्या माणसाच्या नावावर आहे, म्हणजे आजघडीला ती तुमच्या यजमानांची एकट्याची नाही. ती तीन भावंडांची आहे, आणि सासूबाई हयात असतील तर त्यांचीही. मदतीचा धनादेश सासऱ्यांच्या नावे निघणार नाही, यांच्या नावे निघायचा तर बाकीच्यांची संमती हवी. बोट शाबूत असती तर वारसांची नोंद करून नाव बदलून घ्या म्हटलं असतं. आता नसलेल्या बोटीवर नाव चढवायला कुणी बसणार नाही. म्हणून सासऱ्यांचा मृत्यूचा दाखला, वारस दाखला आणि दीर-नणंदेचं संमतीपत्र असा एक संच करा. संमतीपत्रात दोन गोष्टी स्वच्छ येऊ देत: आपत्तीची आणि विम्याची जी काही रक्कम येईल ती यांच्या खात्यात जमा व्हायला हरकत नाही, आणि जुन्या बोटीच्या जागी नवी बोट यांच्या किंवा तुमच्या नावे घ्यायला हरकत नाही. दुसरं वाक्य नंतर घेऊ म्हणाल तर नंतर मिळेलच असं नाही. पंधरा हजारांना सही करणारा माणूस तीन लाखांच्या अनुदानाचं ऐकल्यावर विचार करू लागतो. यात दीर वाईट आहेत असं नाही, घरोघरी हेच. त्यांना मुंबईहून खास बोलवा, फोनवर भागवू नका, आणि नणंदेलाही मान देऊन बोलवा. तिची सही “काय, ती देईलच” म्हणून गृहीत धरली जाते आणि शेवटी तिच्यावरच फाइल अडते.

साठ टक्क्यांचं तो माणूस खोटं सांगत नाही, अर्धं सांगतोय. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० साली सुरू झाली, तिच्यात पारंपरिक मच्छीमारांना जुन्या बोटीच्या जागी नवी बोट आणि जाळी घेण्यासाठी अनुदान हा घटक आहे. बोट आणि जाळी मिळून ५ लाखांचा खर्च धरला जातो. सर्वसाधारण लाभार्थ्याला त्याच्या ४० टक्के म्हणजे २ लाख. महिला, अनुसूचित जाती आणि जमातीच्या लाभार्थ्याला ६० टक्के म्हणजे ३ लाख. बोट बांधणाऱ्याने आठ लाखांचं कोटेशन दिलं तरी अनुदान पाच लाखांवरच मोजलं जाणार, वरचे तीन आणि खालचे दोन असे पाच लाख तुमचे. हा हिशेब त्याने तुम्हाला मांडून दाखवला का? दाखवला नसेल. त्याने कुठला कारखाना ठरवलाय तेही विचारा. अशा माणसाची खरी कमाई बहुधा दहा हजारांत नसते, कोटेशनमध्ये असते.

दुसरी बाजू अशी की अनुदान आधी हातात पडत नाही. बोट बांधून व्हायची, तपासणी व्हायची, मग पैसे. तोवरचा सगळा खर्च कर्जाने किंवा पदरमोड करून. म्हणून मत्स्यखात्यात पहिला प्रश्न टक्क्यांचा विचारू नका. विचारा की या वर्षी आपल्या जिल्ह्याला या घटकाचा लक्ष्यांक, म्हणजे किती बोटींना अनुदान द्यायचं ठरलंय, त्यातलं किती शिल्लक, आणि मागच्या लाभार्थ्यांना पैसे किती महिन्यांनी मिळाले. योजना मुळात २०२४-२५ पर्यंतची, पुढे २०२५-२६ पर्यंत वाढवलेली. तेव्हा तुम्ही जाल त्या दिवशी ती कुठल्या नावाने आणि कुठल्या मुदतीने चालू आहे, हेही त्यांच्याच तोंडून ऐका. आणि तुमची बोट दोन सिलिंडरची, आत बसवलेल्या इंजिनाची. हा घटक “पारंपरिक मच्छीमारां”साठी आहे. तशाच बोटीला तो लागू होतो की लहान, बाहेरून इंजिन लावायच्या होडीलाच, हे लेखी विचारून घ्या. बोट बांधायला देण्याआधी कार्यालयाची लेखी परवानगी हातात हवी. आधी बांधली आणि मग अर्ज केला, अशी माणसं खेटे घालत राहतात.

तुमच्या नावावर घ्यावी का? माझं मत: घ्यावी, पण मालकीण व्हायची तयारी असेल तर. तुम्ही बंदरावर मासळी विकता, तुम्हीही मच्छीमारच आहात, हा लाभ काही कुणाची मेहेरबानी नाही. मात्र बोट तुमच्या नावावर म्हणजे नोंदणी तुमची, परवाना तुमचा, डिझेलचा परतावा तुमच्या नावाने, त्यासाठी मच्छीमार सोसायटीचं सभासदत्व तुमचं, आणि कर्जही तुमचं. सोसायटीत तुम्ही सभासद आहात का? नसाल तर अनुदानाच्या अर्जाआधी तिथला अर्ज द्या, कारण डिझेलवरच्या कराचा परतावा गेला तर वाचलेला एक लाख काही हंगामांत तसाच निघून जाईल. “हे म्हणतात, सही करून टाक” या तुमच्या वाक्यावर मी थोडी थांबले. यजमानांचं चुकतंय असं नाही; भर हंगामात नाखव्याच्या, म्हणजे बोटमालकाच्या घरातल्या माणसाला दुसऱ्याच्या बोटीवर जावं लागलं की त्याला एक दिवस वर्षासारखा वाटतो. पण सही तुमची आहे. न वाचता केलेल्या सहीने बोट त्यांची आणि कर्ज तुमचं असं होता कामा नये.

याहून मोठी भीती मला दुसऱ्याच गोष्टीची आहे, जिच्याबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. लवकरच एखादा व्यापारी घरी येईल. “बँकेच्या नादाला कशाला लागता, मी देतो बोटीला पैसे, मासळी फक्त मला घाला.” उचल कागदावर बिनव्याजी दिसते. व्याज लिलावात निघतं. तुमची पापलेट, सुरमई तो आधी ठरलेल्या भावाने उचलणार, शेजारच्या बोटीच्या पाट्या खुल्या लिलावात जास्त भावाने जाताना तुम्ही बघत राहणार. तुम्ही स्वतः मासळी विकता, त्यामुळे एका पाटीमागे किती जातात हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. तेच गणित यांना वहीत मांडून दाखवा. त्यापेक्षा हा हंगाम यांनी कुणाच्या चांगल्या बोटीवर वाट्याने काढावा आणि तेवढ्यात कागद पुरे करावेत, असं मी म्हणेन. आवडणार नाही त्यांना. जून-जुलैच्या बंदीच्या आत कागद झाले तर पुढच्या हंगामाला बोट उभी राहू शकते.

जुन्या कर्जाचं. बोट बुडली म्हणून कर्ज बुडत नाही, पण हप्ते तसेच थकवत बसू नका. पंचनाम्याची प्रत जोडून शाखेला लेखी कळवा आणि कर्जाचं पुनर्गठन, म्हणजे हप्ते नव्याने बांधून मागा. आपत्तीग्रस्त भागातल्या कर्जदारांसाठी रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत आणि शाखाधिकाऱ्याला ते ठाऊक असतात. थकबाकीदार झालात तर नव्या बोटीच्या कर्जाला हीच बँक नाही म्हणेल. आणि त्या कर्जखात्याचा उतारा मागून एकेक ओळ वाचा. तारण असलेल्या बोटीचा विमा बँका पुष्कळदा स्वतःच उतरवतात आणि हप्ता परस्पर खात्यातून वळता करतात. घरात कुणाला पत्ता नसतो. वर्षातून एकदा कापलेली अनोळखी रक्कम दिसली तर ती कशाची, हे विचारा. विमा निघाला तर त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवा. उशीर झाला म्हणून आधीच हात टेकू नका. केवळ उशिराच्या कारणावरून खरा दावा फेटाळू नये असं विमा नियामकाने २०११ मध्येच कंपन्यांना बजावलंय. मात्र दुर्घटनेच्या दिवशी परवाना चालू होता का हा प्रश्न तिथे पहिला येईल, आणि परवाना सासऱ्यांच्या नावाचा. म्हणून म्हटलं, नावाचं दुखणं सगळ्यात मोठं.

किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही मिळतं, वेळेत फेडलं तर व्याज ४ टक्क्यांवर येतं, आणि २ लाखांपर्यंत तारण लागत नाही. पण ते डिझेल, बर्फ, जाळी अशा चालू खर्चासाठी. त्यातून बोट घ्यायला जाऊ नका. शेतीच्या दर्जाचं म्हणाल तर एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तसा निर्णय घेतला खरा. त्याने वीजदर, कर्ज, विमा यांत शेतीसारख्या सवलतींचं दार उघडलं. पीक गेल्यावर शेतकऱ्याला मिळते तशी भरपाई बोटीला त्या निर्णयाने आपोआप मिळत नाही.

तुमच्या घरची तिन्ही माणसं परत आली. सगळ्या घरांचं तसं होत नाही. ११ नोव्हेंबर २००९ चं फयान वादळ रत्नागिरीच्या किनाऱ्यावर कुणी विसरलेलं नाही. हे सदर वाचणाऱ्या दुसऱ्या कुणासाठी लिहून ठेवते. मच्छीमारांच्या गट अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ५ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला अडीच लाख मिळतात, आणि हप्ता केंद्र व राज्य भरतं, मच्छीमाराला काही द्यावं लागत नाही. फक्त यादीत नाव हवं. खलाशांचंही. माणूस बेपत्ता झाला आणि सापडलाच नाही, तर कायद्याने मृत्यू धरायला सात वर्षांची अट येते. त्यामुळे बेपत्ताची तक्रार, शोधमोहिमेची नोंद आणि बरोबरच्यांचे जबाब पहिल्याच आठवड्यात व्हायला हवेत, कारण मोठ्या वादळानंतर सरकारने ही अट शिथिल केलीच तर ती या कागदांच्या आधारावर करतं. आणि बोट वाऱ्याने न फुटता मालवाहू जहाजाने धडक देऊन बुडवली असेल, तर भरपाई सरकारकडे मागत बसू नका. ती त्या जहाजाच्या मालकाकडून घ्यायची असते. २०१७ च्या सागरी दाव्यांच्या कायद्याखाली मुंबई उच्च न्यायालय जहाज बंदरात अडकवून ठेवण्याचा हुकूमही देऊ शकतं. तिथे वकील लागतो आणि दिवस मोजून असतात.

नवी बोट येईल तेव्हा तिच्यावर इस्रोच्या तंत्रज्ञानाचा ट्रान्सपाँडर बसवून घ्या. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरच्या कार्यक्रमात ज्याची सुरुवात झाली तो हाच, बोटमालकाला त्याचे पैसे पडत नाहीत. वादळाचा इशारा त्यावर येतो आणि संकटाचा संदेश तिथून किनाऱ्याला जातो. सिग्नल असेल तिथे तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे नंबर तिघाचौघांच्या फोनमध्ये असू देत. विमा मात्र बोट पाण्यात उतरायच्या आधी. आणि नोंदणी, विमा, बँक, सोसायटी, या चारही ठिकाणी वारसाचा रकाना त्याच दिवशी भरा. एका ठिकाणी मुलाचं आणि दुसऱ्या ठिकाणी दिराचं असं न करता सगळीकडे एकच नाव लिहा.